ॲलर्जी मुलाला, आळ आईवर

मुलाला दमा निघाला, अंगावर इसब उठलं किंवा गाईच्या दुधाचं वावडं आहे असं कळलं, की आईला पहिल्यांदा ऐकावं लागतं ते हेच: "फार जपलंस गं त्याला." मातीत खेळू दिलं नाहीस, पाणी उकळून पाजलंस, येता-जाता हात धुवायला लावलेस, त्याचीच ही फळं. एके काळी हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत असायचं आणि उंबऱ्याच्या आतच राहायचं. आता त्याला विज्ञानाचा आधार जोडला जातो. पुरवण्यांतल्या लेखांतून, पालकांसाठीच्या व्याख्यानांतून, औषधाच्या दुकानाच्या काउंटरवरून एकच साखळी सांगितली जाते: अतिस्वच्छतेमुळे पोटातले चांगले जिवाणू मेले, जिवाणू मेले म्हणून ॲलर्जी आली, तेव्हा मुलाला मातीत सोडा आणि हरवलेले जिवाणू पुडीतून परत आणा.

आतड्यातल्या जिवाणूंचा आणि लहान मुलांच्या ॲलर्जीचा संबंध आहे, हे मला मान्य आहे. त्यावर तीन दशकं गंभीर काम झालं आहे आणि ते मोलाचं आहे. पण त्या कामातून आईची स्वच्छता दोषी ठरत नाही, रस्त्याकडेची माती औषधी ठरत नाही आणि दुकानातली पुडी उपचार ठरत नाही. ही तिन्ही अनुमानं संशोधनाच्या माथी मारलेली आहेत. त्यांनी आईला विनाकारण अपराधी केलं आहे, आणि काही मुलांचा खरा उपचार थांबवला आहे. म्हणून हा प्रतिवाद.

आधी स्वच्छतेचं घेऊ. या वादाचं मूळ म्हणून ज्या लेखाकडे बोट दाखवलं जातं, तो डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाचा. १९८९ मध्ये तो 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. १९५८ च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये जन्मलेल्या १७,४१४ मुलांची माहिती त्यांच्या वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत गोळा झालेली होती. स्ट्रॅचन यांना त्यात दिसलं ते असं: घरात भावंडं जितकी जास्त, त्यातही मोठी भावंडं जितकी जास्त, तितका परागज्वर कमी. लहानपणी भावंडांकडून लागणाऱ्या संसर्गातून संरक्षण मिळत असावं, आणि कुटुंबं लहान झाल्यानं, घरात सोयी आल्यानं, वैयक्तिक स्वच्छता वाढल्यानं हा संसर्ग घटला असावा, असा अंदाज त्यांनी मांडला. त्यांच्या हाताशी आकडा होता तो भावंडांचा. कोणत्या आईनं किती वेळा फरशी पुसली याची मोजणी त्यात नव्हती. पुढच्या पस्तीस वर्षांत या अंदाजातला भावंडांचा भाग लोक विसरले आणि साबणाचा भाग तेवढा लक्षात ठेवला.

स्वच्छतेला दोष देणाऱ्यांकडे पुरावाच नाही, असं मी म्हणणार नाही. ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या २००२ मधल्या अभ्यासात, ज्या घरांत मुलांचे हात-तोंड वारंवार धुतले जात होते, तिथं छातीत घरघर आणि इसब काहीसं जास्त आढळलं. स्वीडनमधल्या २०१५ च्या पाहणीत, भांडी यंत्रात न धुता हातानं धुणाऱ्या घरांतल्या मुलांना ॲलर्जी कमी होती. हे दोन्ही अभ्यास खरे आहेत. पण दोन्हीकडे माहिती पालकांनी प्रश्नावलीत भरलेली होती, आणि ज्या घरात आधीपासून दमा-इसब आहे ते घर साहजिकच जास्त झाडलं-पुसलं जातं. आजारामुळे स्वच्छता आली की स्वच्छतेमुळे आजार आला, हे अशा पाहणीतून कळत नाही. शिवाय साफसफाईची तीव्र रसायनं श्वासात जातात, त्यांनी घरघर वाढते, हा वेगळाच मामला आहे. म्युनिकमधल्या संशोधकांनी पुढची पायरी गाठली. घरातली धूळ गोळा करून तिच्यातले जिवाणूंचे अंश मोजले आणि मग मुलांची तपासणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात स्वच्छतेनं धुळीतले हे अंश कमी झालेले दिसले, पण दमा किंवा ॲलर्जी यांच्याशी स्वच्छतेचा संबंध लागला नाही. आणि भांड्यांचंच म्हणाल, तर आपल्याकडे बहुतेक घरांत भांडी हातानंच घासली जातात. तरीही मुंबई-पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे दम्याच्या मुलांची रांग आहे.

आता मातीकडे येतो, कारण मातीचा युक्तिवाद सगळ्यात भावणारा आहे आणि सगळ्यात जास्त गफलत तिथंच झाली आहे. शेतावर वाढणाऱ्या मुलांना ॲलर्जी कमी होते, हे जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यातला सर्वांत बोलका अभ्यास अमेरिकेतला, २०१६ चा. आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज. दोघांचे पूर्वज युरोपच्या मध्यभागातून आलेले, दोघांची कुटुंबं मोठी, आहार जवळपास सारखा, दोघांच्या घरांत पाळीव कुत्री-मांजरं कमी, लसीकरण दोघांकडे. तरी आमिश मुलांमध्ये दम्याचं प्रमाण ५.२ टक्के आणि हटराइट मुलांमध्ये २१.३ टक्के. फरक कुठं होता? आमिश लोक घराला लागूनच गोठा ठेवतात, घोड्यांनी शेती करतात, लेकरं गोठ्यात वावरतात. हटराइटांची शेती सामूहिक आणि यांत्रिक, गुरांचे गोठे वस्तीपासून दूर, लहान मुलांचा तिथं वावर नाही. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या पेशीभित्तीतलं एंडोटॉक्सिन हटराइट घरांच्या ६.८ पट निघालं. संशोधकांनी ती धूळ उंदरांच्या नाकात दिली. आमिश धुळीनं उंदरांना दम्यासारख्या आजारापासून वाचवलं, हटराइट धुळीनं वाचवलं नाही.

या अभ्यासात घाणेरडं घर कुठंच नाही. आमिश घरंही नीटनेटकी आणि धुतलेली असतात. संरक्षण देणारी गोष्ट आहे ती गुरांच्या रोजच्या सहवासातून, आईच्या पोटात असल्यापासून आणि पुढची कित्येक वर्षं श्वासातून आत जाणारी जिवाणूंची विविधता. तिची बरोबरी रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या बागेत तासभर चिखलात बसवून होत नाही. आपल्या शहरांमधली माती कशी आहे, हेही एकदा डोळे उघडून पाहावं. तिच्यात बांधकामाची बारीक धूळ आहे, डिझेलची काजळी आहे, भटक्या कुत्र्यांची विष्ठा आणि तिच्यातून येणारी कृमींची अंडी आहेत. मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत माजलेलं असतं. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत पुढं देशभर पसरलं, आणि त्याच्या स्पर्शानं आणि परागांनी किती माणसांची कातडी सोलवटली हे पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं. घरात शिरलो तर गादीतले धुळीचे किडे, झुरळं, आणि कोकणात व मुंबईत पावसाळाभर भिंतीवर चढणारी बुरशी. हीच तर आपल्याकडच्या ॲलर्जीची नेहमीची कारणं आहेत. ज्या मुलाला धुळीच्या किड्याचं वावडं आहे, त्याच्या आईला "जरा कमी झाडत जा" असं सांगणं म्हणजे त्याला रात्रभर खोकत ठेवणं आहे.

युरोपातल्या याच शेतांवर न तापवलेलं दूध पिणाऱ्या मुलांना दमा कमी आढळला होता, आणि हाही दाखला हल्ली दिला जातो. त्यावर एवढंच सांगतो की तो अभ्यास करणाऱ्यांनीच कच्चं दूध पाजू नका असं बजावलं आहे. आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत तापवायची रीत आहे, कारण कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस येतात. ती रीत मोडू नये.

संसर्ग झालेले बरे, त्यानं प्रतिकारशक्ती घडते, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. लंडनच्या ग्रॅहम रूक यांनी २००३ मध्येच हा समज दुरुस्त करायचा प्रयत्न केला. माणसाच्या प्रतिकारशक्तीला शिकवणारे सूक्ष्मजीव म्हणजे लाखो वर्षं आपल्यासोबत राहिलेले, माती, पाणी, प्राणी आणि दुसऱ्या माणसांकडून येणारे निरुपद्रवी सोबती, असं त्यांचं म्हणणं आहे. गोवर, जुलाब, विषमज्वर त्या यादीत नाहीत. लहान वयात आरएसव्ही किंवा ऱ्हायनोव्हायरस या विषाणूंनी छातीत वारंवार घरघर झालेल्या मुलांना तर पुढं दम्याचा धोका वाढलेलाच दिसतो. आणि आपल्याकडे दूषित पाण्याचा हिशेब ॲलर्जीच्या हिशेबापेक्षा कितीतरी मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. त्यामागं अपुरं अन्न आहे, तसंच घाणीतून सतत पोटात जाणारे जिवाणूही आहेत. त्यांनी आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. अस्वच्छता पोटातल्या जिवाणूंचं काय करते याचा हा आपल्या घरचा पुरावा आहे, आणि मातीची थोरवी सांगणाऱ्या व्याख्यानांत तो कधी येत नाही.

"आमच्या लहानपणी कुठं होत्या असल्या ॲलर्ज्या?" हा प्रश्न मी आदरानं घेतो, कारण ॲलर्जी वाढली आहे हे खरंच आहे. पण त्या लहानपणाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९७१ च्या सुमारास भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १२९ बाळं वर्षाची होण्याआधी जात होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. जी जगली त्यांच्या आठवणी आपण ऐकतो. जी गेली त्यांच्यात छातीनं गेलेली, जुलाबानं गेलेली किती होती, हे त्यांच्या आयांना ठाऊक होतं. शिवाय दमा तेव्हाही होता. तो सांगायचा नसायचा, विशेषतः मुलीचा, लग्न मोडेल म्हणून. "जरा छातीनं नाजूक आहे" असं म्हणून विषय संपायचा.

मग पोटातल्या जिवाणूंचं खरं काम काय? बाळ जन्मतं तेव्हापासून त्याच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती बसू लागते. त्याच महिन्यांत त्याची प्रतिकारशक्ती शिकत असते: हल्ला कुणावर करायचा आणि अन्न, परागकण, धूळ अशा परक्या पण निरुपद्रवी गोष्टींकडे दुर्लक्ष कसं करायचं. हे दुर्लक्ष शिकवणाऱ्या पेशींना नियामक टी पेशी म्हणतात. तंतुमय अन्न आंबवून आतड्यातले काही जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि त्यांनी या पेशींना बळ येतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत चांगलं दिसलं आहे. आईच्या दुधाची गोष्ट तर थक्क करणारी आहे. त्यात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचवताच येत नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम गटाच्या जिवाणूंसाठी. आई एकाच घोटात दोघांना पाजत असते.

२०१५ मध्ये कॅनडातल्या ३१९ बाळांच्या शीची तपासणी करून एक महत्त्वाचा निष्कर्ष आला. ज्या बाळांना पुढं दम्याचा धोका जास्त होता, त्यांच्या आतड्यात वयाच्या तिसऱ्या महिन्यात जिवाणूंचे चार गट कमी होते: फीकॅलिबॅक्टेरियम, लॅक्नोस्पायरा, व्हेलोनेला आणि रोथिया. वर्षाचं होईपर्यंत हा फरक बराचसा पुसला गेला होता. म्हणजे जे काही घडतं ते पहिल्या शंभर-एक दिवसांत. याच गटातल्या संशोधकांनी पुढं दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरमधल्या ग्रामीण बाळांची तशीच तपासणी केली, तेव्हा घरघर होणाऱ्या बाळांमध्ये वेगळेच जिवाणू पुढं आले आणि जिवाणूंपेक्षा बुरशीतला फरक ठळक निघाला. डेन्मार्कमधल्या सुमारे ७०० मुलांच्या २०१८ च्या अभ्यासात, वर्षाच्या वयात आतड्यातली वस्ती अपरिपक्व असणाऱ्या मुलांना पाचव्या वर्षी दमा जास्त आढळला, पण फक्त ज्यांच्या आईला दमा होता त्यांनाच.

हे तिन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले की दिसतं: कोणताही एक जिवाणू असा नाही की जो असला की ॲलर्जी नाही आणि नसला की ॲलर्जी आहे. देश बदलला की यादी बदलते, आईची प्रकृती बदलली की परिणाम बदलतो. आणि सगळी ॲलर्जी पोटातून येतेच असंही नाही. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की त्वचेची तटबंदी घट्ट करणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष इसबाचं मोठं कारण आहे. त्या बाळाची कातडीच सच्छिद्र असते. त्याच्या आईनं माती दिली काय, न दिली काय. असं असताना सहा वर्षांच्या मुलाच्या शीचा नमुना घेऊन, रंगीत आलेख छापून, "चांगले जिवाणू इतके टक्के" असं सांगत हजारो रुपये घेणाऱ्या चाचण्या पालकांना विकल्या जातात. कोणत्या मुलाला ॲलर्जी होणार किंवा झालेली कशानं जाईल, हे सांगणारी मान्य अशी शीची चाचणी आज अस्तित्वात नाही. हे पैसे घेणं अन्याय आहे, आणि डॉक्टरांनी ते उघडपणे म्हणायला हवं.

पुडीची हकिकत जरा सविस्तर सांगायला हवी. २००१ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू शहरातून 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरात ॲलर्जी आहे अशा गर्भवतींना आणि नंतर बाळांना लॅक्टोबॅसिलस जीजी हा जिवाणू दिला. दोन वर्षांच्या वयात इसबाचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर, निम्म्यावर आलं. बातमी जगभर गेली आणि प्रोबायोटिकचा, म्हणजे जिवाणूंच्या पुड्यांचा, बाजार या एका आकड्यावर उभा राहिला. त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती: रक्तात आणि त्वचेच्या चाचणीत दिसणारी ॲलर्जीची प्रवृत्ती मात्र दोन्ही गटांत सारखीच होती. ते कुणी सांगितलं नाही. २००८ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला तोच जिवाणू देऊन तसाच प्रयोग झाला. इसब कमी झालं नाही, उलट छातीत वारंवार घरघर होणारी मुलं पुडी घेतलेल्या गटात जास्त निघाली. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा तोच जिवाणू, पुन्हा फायदा नाही. ऑस्ट्रेलियात पर्थला २००७ मध्ये दुसरा एक लॅक्टोबॅसिलस दिला, तर मुलांमध्ये ॲलर्जीची प्रवृत्ती वाढलेली दिसली. जागतिक ॲलर्जी संघटनेनं २०१५ मध्ये, फक्त जास्त धोका असलेल्या कुटुंबांसाठी आणि फक्त इसब टाळण्यासाठी, प्रोबायोटिक वापरायला हरकत नाही असं सुचवलं, पण पुराव्याचा दर्जा 'अत्यंत कमी' असल्याचं त्याच वाक्यात लिहिलं. झालेला दमा पुडीनं बरा होतो, असं ही संघटनाही म्हणत नाही.

याचं कारण समजायला अवघड नाही. पीक उभं असलेल्या वावरात मूठभर दुसरं बी फेकलं तर ते रुजत नाही. पुडीतले जिवाणू बहुधा काही दिवस आतड्यातून प्रवास करतात आणि पुडी थांबली की दिसेनासे होतात. दह्यातले जिवाणूही तसेच. मुलानं दही-भात, ताक जरूर खावं, ते उत्तम अन्न आहे. पण दह्यानं दमा जातो असं सांगून कुणी औषध बंद करू नये. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत तर पुडी निरुपद्रवीही नाही. अशा बाळांच्या रक्तात पुडीतलाच जिवाणू शिरून गंभीर संसर्ग झाल्याचं आढळल्यावर, आणि एक बाळ दगावल्यावर, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२३ मध्ये डॉक्टरांना इशारा दिला होता.

जिवाणू देऊन कधीच काही होत नाही, असं मात्र माझं म्हणणं नाही, आणि त्याचा सर्वोत्तम दाखला भारतातलाच आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशाच्या खेड्यांमधली ४,५५६ नवजात बाळं घेऊन त्यांच्यातल्या अर्ध्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक निवडलेला वाण, त्याच्या पोषणाच्या शर्करेसह, सात दिवस दिला. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये 'नेचर'नं तो अभ्यास छापला. अनेक वाण पारखून एक निवडला, मात्रा ठरवली, वय ठरवलं, पूर्ण दिवसांची आणि अंगावर पिणारी बाळं घेतली, आणि साखरपाणी दिलेल्या बाळांशी तुलना केली. पुडीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ॲलर्जीसाठी असा एक प्रयोग दाखवावा. तो जंतुसंसर्गाचा होता. त्याचा दाखला देऊन सहा वर्षांच्या मुलाच्या शिंकांवर औषध विकता येत नाही.

आता, या संशोधनाच्या आधारे खरोखर जाब विचारायचा असेल तर तो कुणाला? मला वाटतं, औषधाच्या चिठ्ठीला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बाळांना दिली जाणारी अँटिबायोटिक्स २००० ते २०१४ या काळात निम्म्याहून कमी झाली. त्याच काळात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये दम्याचे नवे रुग्ण २६ टक्क्यांनी घटले. २०२० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं, आणि संशोधकांनी पाचशेहून जास्त मुलांच्या आतड्यांतले जिवाणू तपासून त्याला दुजोरा दिला: पहिल्या वर्षात अँटिबायोटिक मिळालेल्यांची वस्ती विरळ होती. कुणी म्हणेल, घरघर होणाऱ्या मुलालाच अँटिबायोटिक जास्त मिळतात, म्हणून हा संबंध दिसतो. ही शंका रास्त आहे, आणि थोडा वाटा तिचाही असेल. पण बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंचा असतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, यात शंका नाही. म्हणजे ॲलर्जीचा संबंध उद्या खोटा ठरला तरी ती चिठ्ठी चुकीचीच राहते. आपल्याकडे सहा महिन्यांच्या बाळाला नाक गळतं म्हणून पाच दिवसांचा कोर्स मिळतो, तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाही तर दुसरा मिळतो, आणि पुढच्या महिन्यात तीच बाटली औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली जाते. २०१३ मध्ये सरकारनं एच-१ अनुसूची काढून अशा विक्रीवर नोंदवहीचं बंधन घातलं. ते किती पाळलं जातं हे आपल्या गल्लीतल्या दुकानात उभं राहिलं की दिसतं. बाळाच्या आतड्यातली वस्ती आई साबणानं बाळाचे हात धुते म्हणून उद्ध्वस्त होत नाही. ती उद्ध्वस्त होते या बाटलीनं. आणि गंमत नव्हे, अन्याय असा, की त्याच चिठ्ठीवर अँटिबायोटिकच्या खाली प्रोबायोटिकची पुडी लिहिलेली असते.

दुसरी गोष्ट सिझेरियनची. पोटातून काढलेल्या बाळांच्या आतड्यात सुरुवातीचे आठवडे बॅक्टेरॉइड्स कमी आणि रुग्णालयातले जिवाणू जास्त असतात, हे ब्रिटनमधल्या सुमारे ६०० बाळांच्या २०१९ च्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. त्यामुळे पुढं ॲलर्जी किती वाढते यावर अजून वाद आहे, आणि सिझेरियननं कित्येक आया आणि बाळं वाचतात यावर वाद नाही. म्हणून ज्या आईचं सिझेरियन झालं तिला यावरून एक शब्द बोलायचा अधिकार कुणाला नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत देशातली २१.५ टक्के, महाराष्ट्रातली २५.४ टक्के आणि गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली होती. देशातल्या खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होतं. एवढी सगळी गरजेची होती का, हा प्रश्न रुग्णालयांना विचारायचा आहे, बाळंतिणीला नाही. तसंच अंगावर पाजण्याचं. सहा महिने निव्वळ आईचं दूध द्या, असं सांगणारे खूप आहेत. ऊसतोडीला गेलेल्या किंवा दुकानात बारा तास उभ्या राहणाऱ्या बाईनं ते कसं द्यायचं, हे सांगणारे फार थोडे. जन्मल्या जन्मल्या मध चाटवू नये, चीक फेकू नये, हे घराघरांत अजूनही सांगावं लागतं, आणि तेही आईला नव्हे, तिच्यावर हुकूम चालवणाऱ्यांना.

अन्नाबद्दल एकच सांगतो. ॲलर्जीच्या भीतीनं मुलाच्या ताटातून शेंगदाणे, अंडी, दूध, गहू एकामागून एक काढले जातात, बहुतेक वेळा रक्ताच्या एका लांबलचक चाचणीच्या आधारावर. २०१५ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटानं ६४० बाळांवर उलटा प्रयोग केला: ज्यांना ॲलर्जीचा धोका होता त्यांच्यातल्या अर्ध्यांना बाळपणापासून शेंगदाणा खाऊ घातला. पाचव्या वर्षी, सुरुवातीला चाचणीत ॲलर्जीची खूण नसलेल्या मुलांपैकी शेंगदाणा टाळलेल्या १३.७ टक्क्यांना त्याची ॲलर्जी होती, खाल्लेल्यांपैकी १.९ टक्क्यांना. ज्या घरात भाजीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात दाण्याचं कूट पडतं, तिथं हे नवं वाटायला नको. ते कूट सहा महिन्यांनंतर बाळाच्या मऊ वरणभातात कालवावं. ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा मात्र लहान मुलाच्या हाती देऊ नये, तो घशात अडकतो.

आणि आता ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त संताप आहे ती. "मूळ पोटात आहे, पोट सुधारा, दमा आपोआप जाईल" असं ऐकून पालक मुलाचा इनहेलरचा पंप बंद करतात. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचं औषध, ही भीती आपल्याकडे आधीच खोल आहे, तिला जिवाणूंचं नाव मिळालं की ती शास्त्रीय वाटायला लागते. २०१९ च्या जागतिक अंदाजांनुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के भारतात. आपले जिवाणू वाईट आहेत म्हणून हे घडत नाही. श्वासनलिकेची सूज कमी करणारं, श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड वेळेवर आणि नियमित मिळत नाही, हे त्याचं मोठं कारण आहे. पंपातली मात्रा गोळीच्या मानानं कितीतरी कमी असते आणि ती थेट जिथं हवी तिथं पोहोचते. ज्या मुलाला तो लिहून दिला आहे, त्याला आतड्यावरचं संशोधन कुठपर्यंत आलं याची वाट न बघता तो मिळाला पाहिजे.

तरीही हे संशोधन आपल्याकडे व्हायला हवं, आणि आपल्याच बाळांवर व्हायला हवं. १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातून जवळच्या ६ गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्या नोंदी होत राहिल्या, आणि वजनानं कमी भरणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात चरबी मात्र तुलनेनं जास्त असते, हे जगाला तिथून कळलं. तसंच काम आतड्यातल्या जिवाणूंवर उभं राहू शकतं. राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र पुण्यातच आहे. कोकणातल्या दमट गावातलं, विदर्भातल्या कापसाच्या पट्ट्यातलं आणि मुंबईतल्या चाळीतलं बाळ, तिघांचीही नोंद जन्मापासून शाळेत जाईपर्यंत ठेवायची. बाळंतपण कसं झालं, किती महिने अंगावर प्यालं, घरात चूल आहे की गॅस, गोठा आहे की नाही, भिंतीला ओल किती, पहिल्या वर्षात अँटिबायोटिकचे कोर्स किती आणि कशासाठी, शीमध्ये कोणते जिवाणू कोणत्या महिन्यात आले. पुड्या विकणारी कंपनी यासाठी पैसे देणार नाही. ते काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं आहे, आणि पहिल्या वर्षाची बाळं मिळवण्यासाठी त्यांना अंगणवाडीच्या नोंदवहीपलीकडे शोधायला जायची गरजही पडणार नाही.